मोमवाली अम्माचं हसू

हैदराबादेत काचीगुड्याला आम्ही भाड्याची जागा बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी नाव-गाव विचारायच्या आधी माझ्या हातात एक पाय दिला. गुडघ्यापासून खालचा, पिवळसर, बोटांसकट. "धर गं जरा. गरम हाय, खाली ठेवला तर टाच बसंल," असं म्हणून त्या आत निघून गेल्या. मी तो पाय तान्हं मूल धरावं तसा दोन्ही हातांवर घेऊन उभी. नवरा माझ्याकडे बघतोय, मी पायाकडे. मेणाचा आहे हे कळायला फार वेळ लागला नसेल, पण मधल्या वेळात मला जे वाटलं ते अजून विसरता येत नाही, कारण पाय कोमट होता.

बाई बाहेर आल्या, पाय घेतला, उजेडाकडे धरून निरखला आणि म्हणाल्या, "मग? आवडलं का घर?" आम्ही घर अजून पाहिलंच नव्हतं. तसं मी म्हटलं आणि त्या हसायला लागल्या. खरं म्हणजे त्या हसण्याबद्दलच मला लिहायचं आहे. हापसा आधी नुसता खाकरतो आणि मग एकदम पाणी येतं, तसं ते यायचं, आणि एकदा आलं की थांबायचं नाव नाही. त्यात थट्टा नव्हती, कुणाला हसणं नव्हतं. समोर हसण्यासारखं काही असावंच लागायचं नाही. म्हणूनच ते ऐकून अंगावर काटा यायचा.

आम्ही वरच्या मजल्याची जागा घेतली. स्टेशन जवळ, माझ्या आबिड्सच्या ऑफिसला थेट बस, आणि बाई मराठी बोलणाऱ्या. माझ्या सासूबाईंची अट एवढीच होती की घरमालकिणीशी भांडण झालंच तर ते मराठीत करता आलं पाहिजे. आम्ही नांदेडकडचे. बाई वैजापूरकडच्या ख्रिस्ती, रेल्वेतल्या गार्डशी लग्न होऊन इथे आलेल्या. थोड्याच दिवसांत त्या माझी मावशी झाल्या, मी त्यांची ‘पोरी’ झाले आणि अहो-जाहो गळून पडलं. गल्ली मात्र तिला मोमवाली अम्मा म्हणायची.

शहराबाहेर, बस बदलून जावं लागतं असा एक गुट्टा आहे. गुट्टा म्हणजे नुसत्या खडकांची टेकडी. वर मातेचं चर्च आहे. मेरीमाता म्हणा, मरियम म्हणा, हैदराबादी माणूस नुसतं माता म्हणतो आणि आपला देव कुठला याचा विचार न करता पायऱ्या चढतो. तिथली रीत अशी की शरीराचा जो भाग दुखत असेल तो मेणाचा घ्यायचा आणि मातेच्या पायाशी ठेवायचा. गुडघा दुखतो त्याने पाय, मूल होत नाही तिने बाळ, मोतीबिंदूवाल्याने बशीत बसवलेले दोन डोळे. घर हवं असेल तर मेणाचं घर. अलीकडे अमेरिकेचा व्हिसा अडलेली मुलं विमान न्यायला लागली होती आणि मावशीने विमानाचाही साचा करून ठेवला होता. खालच्या दुकानांना हा माल ती वर्षानुवर्षं पुरवत आलेली.

तिच्या समोरच्या खोलीत हे सगळं दोऱ्यांना टांगलेलं असायचं. हात, पाय, कान, जिभा, मुठीएवढी काळजं. दुपारी पंखा लावला की सगळे हात एकदम हलायचे. सासूबाई पहिल्या दिवशी "अगं बाई, अगं बाई" करत जिना चढल्या, त्या पुढे कायम पदर डोळ्यांवर ओढूनच खाली उतरल्या. उन्हाळ्यात तर बघायला नको. सकाळी सरळ लोंबणारे हात मी संध्याकाळी ऑफिसातून येईपर्यंत बोटं वाकवून बसलेले असत, काहीतरी पकडायला निघाल्यासारखे. मावशी त्यांच्याखाली पाट टाकून भात खात बसलेली असायची आणि वर बघून म्हणायची, "काय रे, भूक लागली?" आणि हसायची.

गल्लीचा तिच्यावर जीव होता आणि गल्ली तिला भ्यायचीही. असा समज होता की मावशी मनानेच जो अवयव ओतेल तो गल्लीत कुणाचा तरी दुखायला लागतो. समोरचे शिंपीचाचा रोज सकाळी दुकान उघडताना ओरडून विचारायचे, "क्या अम्मा, आज किसका नंबर है?" ती आतून सांगायची, "आज जीभ है! ज़्यादा बातां नक्को करो!" लोक हसायचे, पण त्या दिवशी जिभा जरा जपूनच चालायच्या. मला हे सगळं खुळचटपणाचं वाटे. मग एकदा तिने लहान मुलाचा कान ओतला, कुणी मागितलेला नसताना, आणि त्याच आठवड्यात माझी धाकटी मुलगी कानाने तळमळली. मी ताडताड खाली गेले. तोंडाला येईल ते बोलले. मावशीने सगळं ऐकून घेतलं, दोरीवरचा तो कान काढला आणि माझ्या हातात ठेवला. "घे, तुझाच हाय. मला कळलं नव्हतं कुणाचा ते." मी तो कान फेकून दिला असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी तो पदरात गुंडाळून वर नेला आणि मुलगी बरी होईपर्यंत तिच्या उशाखाली ठेवला.

तिचा मुलगा घर सोडून गेला होता. हे मला तिच्याआधी गल्लीने सांगितलं. मावशीचा नवरा वारला तेव्हा मुलगा कॉलेजात होता. दफनाच्या वेळी, पेटी खाली सोडून माती लोटायला सुरुवात झाली आणि मावशी हसायला लागली. सगळ्या लोकांसमोर, पांढऱ्या साडीत, हेच हसू. पाद्री थांबला, लोक एकमेकांकडे बघायला लागले, आणि ती थांबेना. मुलाने त्या दिवसानंतर तिच्याशी शब्द काढला नाही. आठवड्याभरात तो गेला. जाताना शिंपीचाचांना एवढंच म्हणाला, "पप्पा मरे तो सह लिया चाचा, अम्मा का हँसना नहीं सहा जाता." त्यानंतर ना फोन, ना निरोप. जिवंत आहे की नाही हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

एकदा मी तिला सरळच विचारलं. दुपारची वेळ होती, रविवार, ती मेण वितळायला ठेवून बसली होती.

"मावशी, त्या दिवशी तुला हसू कशाचं आलं?"

"मला काय ठाऊक? मी बोलावलं होतं का त्याला?" तिने पळीने मेण ढवळलं. "मी रडायले होते पोरी. चांगली गळा काढून रडायले होते. आन त्या रडण्याच्या खालून ते आलं. जसं कुणी तरी लई जवळ येऊन बसलंय आन म्हणतंय, भिऊ नको. दुःख कुठं गेलं नव्हतं, ते बी हायच की तिथं. दोघं एकाच बाकड्यावर बसले होते."

"पण मुलगा गेला ना त्यापायी."

"गेला."

"मग सोडून द्यायचं होतंस हे हसणं."

"सोडलं की. वरीसभर दात दाखवला नाही कुणाला. चर्चमधे जाऊन बी तोंड शिवून बसले. म्हटलं, माझं लेकरू परत येऊ दे, तुझा आनंद तुझ्यापाशी ठेव." तिने मेणाखालची आच कमी केली. "लेकरू आलं नाही, आन ते बी गेलं. दोन्हीकडून नागवले मी. मग म्हटलं, जे येतंय ते तरी येऊ दे."

मी म्हटलं, आनंद म्हणजे असा असतो का? तर म्हणाली, "सुख निराळं पोरी. सुखाला कारण लागतंय. ह्याला कारणच नसतंय, म्हणून तर लोकं भितात."

मला हे पटलं असं मी म्हणणार नाही. मला मनातून त्या मुलाचंच खरं वाटायचं. माझ्या बापाच्या मातीला माझी आई हसली असती तर मीही राहिले नसते.

आता त्या चेहऱ्याबद्दल सांगते. मुलगा जायच्या आधीच्या नाताळात चर्चच्या नाटकात म्हातारा राजा झाला होता. त्याला मुखवटा हवा होता म्हणून मावशीने त्याला जमिनीवर निजवलं, नाकात कागदाच्या नळ्या घातल्या आणि तोंडावर प्लॅस्टर ओतून साचा काढला. मुखवटा झाला, नाटक झालं, साचा मागे राहिला. तो तिने मला एकदाच हातात दिला. आतल्या बाजूला, भुवईच्या जागी, दोन-तीन बारीक केस प्लॅस्टरमधे अडकलेले होते. "हे खरे हायत," ती म्हणाली. मी साचा पटकन परत दिला.

हरवलेल्या माणसाचा कुठला अवयव वाहायचा? त्याचं काय दुखतंय हे आईला कुठे ठाऊक असतं? म्हणून मावशी दरवर्षी त्या साच्यातून अख्खा चेहरा काढायची, मागे डोकं जोडायची आणि सणाला गुट्ट्यावर घेऊन जायची. पण साच्यातला मुलगा कॉलेजातला होता आणि बाहेर वर्षं चालली होती. तेव्हा ती दरवर्षी त्याला एका वर्षाने मोठा करायची. गरम चमच्याने गाल जरा खाली ओढायचे, सुईने डोळ्यांच्या कडेला रेघा काढायच्या. शिंपीचाचांकडून काळा दोरा आणून तापल्या सुईने एकेक केस लावायचा.

आणि नमुना म्हणून तिला सापडला होता माझा नवरा, कारण दोघं एकाच वयाचे. सण जवळ आला की ती त्याला जिन्यात गाठायची. "जावईबापू, जरा उजेडात या. यंदा कपाळावर ही नवी आठी दिसायलीय का? मग त्याला बी पडली असंल." नवरा आधी हसायचा, मग हळूहळू तिला चुकवून मागच्या दाराने जायला लागला. त्याच्या कानशिलावर पांढरे केस दिसले त्या वर्षी मावशीने पांढरा दोरा आणला. मी खाली गेले की नवऱ्याची आठी, नवऱ्याचे पिकलेले केस, नवऱ्याचे डोळ्यांखालचे फुगवटे एका परक्या मुलाच्या चेहऱ्यावरून माझ्याकडे बघत असायचे. त्या दिवसांत मी रात्री दिवा घालवल्यावर नवऱ्याच्या तोंडाकडे पाठ करून झोपायचे.

साच्यातल्या चेहऱ्याचे डोळे अर्थात मिटलेले होते. ते उघडायचं काम सगळ्यात शेवटी. त्या दिवशी ती दार लावून घ्यायची आणि त्या दिवशी तिचं हसू ऐकू यायचं नाही. एकदा मी खिडकीतून पाहिलं. सुरी दिव्यावर तापवून तिने पापणीवर टेकवली, मेण निथळलं, आणि त्या फटीतून हळूहळू कुणीतरी बाहेर बघायला लागलं. मावशीने त्याला विचारलं, "कसा हायस?" आणि कान त्याच्या तोंडाजवळ नेला. मी खिडकीपासून दूर झाले.

मग तिचे गुडघे गेले. जिना तर सोडाच, उंबरा ओलांडतानाही ती दाराला धरायची. गुट्ट्यावर जाणं बंद झालं. दुकानदारांची माणसं माल न्यायला येईनाशी झाली, साचे दुकानातच आले होते म्हणे. पण चेहरे ती करतच राहिली. नेता येत नव्हते तर ते कपाटावर एकाशेजारी एक ठेवायची. एकाच माणसाची लागोपाठची वयं, सगळ्यांचे डोळे उघडे, सगळे दाराकडे तोंड करून.

त्या वर्षी मे महिन्यात ऊन असं काही तापलं की गल्लीतले कुत्रेही नाल्यात जाऊन बसले. एका दुपारी मी सुट्टीवर घरी होते आणि खालून मावशीची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. खाली गेले तर ती कपाटासमोर उभी. सगळ्यात नव्या चेहऱ्याचा डावा गाल वितळून खाली घसरला होता. तोंड वाकडं, डोळा अर्धा झाकलेला, ओठाच्या कोपऱ्यातून मेणाचा ओघळ. बाजूचे बाकीचे चेहरे जसेच्या तसे.

"त्याला वारं गेलंय," मावशी म्हणाली. "पोरी, माझ्या लेकराला अर्धांग झालंय कुठंतरी."

मी म्हटलं, उन्हाने झालंय, खिडकी समोर आहे, यालाच झळ लागली. माझं मलाच पटत नव्हतं, कारण कान मला आठवत होता. तिने माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिला घाबरलेली पाहिली. तिच्या हसण्याने मी जेवढी भ्याले नव्हते तेवढी त्या दिवशी ती हसत नाही म्हणून भ्याले. पुढचे तीन-चार महिने ते घर मुकं होतं. शिंपीचाचांनी सकाळी विचारणं सोडलं.

सप्टेंबरात, गणपती बसायच्या दिवसांत, मातेचा सण येतो. मावशी म्हणाली, "मला वर ने. मरायच्या आधी त्याला मातेच्या पायाशी ठेवू दे." मी रजा टाकली. वाकडा चेहरा तिने नीट करायला नकार दिला होता. "जसा हाय तसा दाखवायचा," म्हणाली. तो आणि आधीचे, सगळे ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत भरले आणि पिशवी माझ्या मांडीवर. बसमधे शेजारच्या बाईने वाकून पाहिलं, फडक्याच्या फटीतून एक डोळा तिच्याकडे बघत होता. ती उठून दुसऱ्या सीटवर गेली.

गुट्ट्याखाली उतरलो. माणसांचा पूर. मावशी माझ्या खांद्यावर एक हात आणि काठीवर दुसरा असं करत पहिल्या पायऱ्या चढली. तेवढ्यात वरच्या पायरीवर एक म्हातारा दिसला. त्याच्या हातात मेणाचं डोकं होतं आणि त्या डोक्याच्या कपाळावर माझ्या नवऱ्याची आठी होती.

मला वाटलं ऊन लागलं. मी पिशवी चाचपली, आमचे चेहरे आतच होते. मग पलीकडे एक बाई दिसली, ताटात फुलं आणि मधोमध तोच चेहरा. तिच्यापुढे एक जोडपं, त्यांच्याकडेही तोच. बुरख्यातल्या एका आजीच्या कडेवर, एका पोलिसाच्या काखेत. वर बघावं तिथपर्यंत पायऱ्यांवरून तो एकच माणूस शेकडो हातांतून चढत होता, आणि काही जणांनी त्याला उलटा धरलेला असल्यामुळे तो खाली, आमच्याकडे बघत होता. मी पिशवी छातीशी घट्ट धरली. मावशी मात्र ताठ उभी राहिली होती. तिने ताटवाल्या बाईचा पदर धरला.

"अम्मा, ये मुंडी किसका है?"

"सेंट का है अम्मा," बाई म्हणाली. "नाम नहीं मालूम. सिरदर्द के वास्ते, पागलपन के वास्ते बहुत पावर है बोलते. मेरा मरद पीता, उसके वास्ते ले जा रही हूँ." आणि तिने ते ताट कपाळाला लावलं.

मावशीने मला दुकानांकडे वळवलं. ज्याला ती पूर्वी माल द्यायची तो दुकानदार तिला बघून आधी मागे सरला आणि मग धावत येऊन तिच्या पायांवर पडला. "माफ करो अम्मा! लोगां सिर पूछ रै थे, मेरे पास सिर का साचा नहीं था. माता के पैरां के पास आपका रखा हुआ दिखा. इत्ता बारीक काम! मैं समझा कोई सेंट होंगे. उसी पे साचा मार लिया."

"मेरा बच्चा है रे," मावशी म्हणाली.

दुकानदार उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. तो आमच्याकडे आणि मग त्याच्या फळीवरच्या रांगेकडे बघत राहिला. "बच्चा?" तो म्हणाला. "तो फिर पिछले त्योहार को जो आए थे..."

मग त्याने सांगितलं ते असं. गेल्या सणाला एक माणूस दुकानासमोर येऊन उभा राहिला होता. गर्दी त्याला ढकलत होती तरी हलेना. त्याने एक डोकं उचललं आणि आपल्या तोंडासमोर आरशासारखं धरलं. दुकानदाराने विचारलं, क्या तकलीफ है साब, सिर का? तो नाही म्हणाला. हे कुणी केलं विचारलं. काचीगुडे की मोमवाली अम्मा, दुकानदाराने सांगितलं, अब घुटने चले गए उनके, नहीं आते.

"फिर मेरे कू पूछा, अम्मा हँसते क्या अब भी? मैं बोला, हौ साब, बहुत हँसते, पूरे गुट्टे को सुनाई देता था. तो उनो यहीं स्टूल पे बैठ गए. सिर गोद में लेके. बड़ी देर बैठे. फिर उसकू लेके ऊपर चले गए."

मी त्याच्यावर कडाडले. नाव विचारलं का, नंबर घेतला का, कुठून आला होता? तो म्हणाला, जत्रेत कोण कुणाला विचारतं मॅडम. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं आणि दुसऱ्या कशाचं तरी. एवढ्या जवळ येऊन गेला होता तो. मावशीने मला हाताने गप्प केलं.

"दुबला है?" तिने विचारलं.

"नहीं अम्मा, अच्छा खाते-पीते घर का है."

"लंगड़ाता क्या?"

"नहीं."

तिने आपल्या डाव्या गालाला हात लावला. "मुँह? मुँह टेढ़ा है?"

"नहीं अम्मा, एकदम सीधा. सई-सलामत है."

मावशीने डोळे मिटले. मला वाटलं आता पडते. पण तिला अजून एक विचारायचं होतं. "आन बालां? यहाँ कनपट्टी पे सफेद हुए होंगे ना?"

दुकानदार गोंधळला. "बालां कां के बालां अम्मा? पूरा गंजा है उनो. एक बाल नहीं."

"गंजा?"

"सफाचट."

मग हापसा खाकरला. एकदा, दोनदा, आणि पाणी आलं. मावशी तिथेच पायरीवर बसली आणि हसली. चार महिने कुठेतरी अडून राहिलेलं ते सगळं एकदम बाहेर आलं. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि ती हसते आहे. "माझ्या बापावर गेला की गं! माझा बाप असाच होता, तुळतुळीत! आन मी वेडी, सुई तापवून तापवून केस लावायलेय! जावईबापूचे केस बघून बघून!" तिने पिशवी ओढून घेतली, वाकडा चेहरा मांडीवर घेतला आणि त्याच्या डोक्यावरचा दोरा उपटायला लागली. काळा, पांढरा, मुठीमुठीने. "पोरी, तू बी घे एक, काढ काढ!" मी तिच्याशेजारी बसले आणि एका मेणाच्या माणसाचे केस उपटायला लागले. लोक आमच्याभोवती थांबले होते, त्यांच्या हातांतून तोच चेहरा आमच्याकडे बघत होता, आणि मला त्याची भीती वाटत नव्हती. कधी ते कळलं नाही, पण मीही हसत होते. कशाला, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग तो घरी आला का, असं हे ऐकणारा प्रत्येक जण मला विचारतो. नाही आला. मावशी त्यानंतर तीन वर्षं जगली आणि तोवर तरी नाही आला. मी तिला म्हटलंही होतं, आपण पेपरात देऊ, मोबाइलवर टाकू, शोधता येतं आता. ती नको म्हणाली. "त्याला घर ठाऊक हाय. मला बी आता तो ठाऊक हाय."

पण त्या दिवशी आम्ही वर गेलो. जी बाई उंबरा ओलांडताना दार धरायची ती माझा खांदा सोडून चढत होती आणि मी पिशवी घेऊन मागे धापा टाकत होते. टकला केलेला चेहरा तिने दोन्ही हातांत उंच धरला होता, आणि वाटेत जो भेटेल त्याला, हिंदीत, तेलुगूत, कुणाला चक्क मराठीत, थांबवून थांबवून सांगत होती की माझ्या पोराला टक्कल पडलंय.